शिखरावरून साद

(रेडिओवरून गप्पा मारण्याचा छंद आणि डोंगर चढण्याचा छंद हे दोन निरनिराळे छंद. ब्रिटनमधील काही हौशी लोकांनी या दोहोंचा मेळ घातला आणि त्यातून एक नवा खेळ तयार झाला. या खेळाचे नियम कडक आहेत, तरीही त्याचे दार सर्वांसाठी उघडे आहे. हे कसे जमले, ते या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही गल्लीत क्रिकेट खेळता ना? गल्लीतल्या क्रिकेटचे नियम तुम्हीच ठरवता. चेंडू भिंतीपलीकडे गेला की खेळाडू बाद. एक टप्पा पडून झेल घेतला तरी बाद. लहान भावाला मात्र पहिल्या चेंडूवर बाद करायचे नाही. हे नियम कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसतात, पण ते मोडले की भांडण होते आणि खेळ थांबतो. याउलट नियम फारच कडक केले तर लहान मुले खेळायला येत नाहीत. मग दोन्ही बाजूंना पुरेसे खेळाडू मिळत नाहीत आणि तेव्हाही खेळ थांबतो.

म्हणजे नियम फार सैल झाले तर खेळाला अर्थ उरत नाही आणि फार आवळले तर खेळायला माणसे उरत नाहीत. या दोहोंमधला मार्ग कसा काढावा? एका अनोख्या छंदाच्या उदाहरणावरून आपण ते पाहू या.

काही माणसांना रेडिओ नुसता ऐकण्यात समाधान वाटत नाही. त्यांना रेडिओवरून बोलायचेही असते. त्यांच्याजवळ संदेश पाठवणारे आणि संदेश घेणारे यंत्र असते. त्यावरून ते दूरच्या गावांतील, कधी दूरच्या देशांतील लोकांशी बोलतात. ते हे काम पैशासाठी करत नाहीत, हौसेसाठी करतात. म्हणून त्यांना हौशी रेडिओचालक म्हणतात. 'हॅम' या नावानेही ते ओळखले जातात.

मात्र मर्जीला येईल तेव्हा यंत्र लावले आणि बोलू लागलो, असे येथे चालत नाही. पोलीस, विमाने, जहाजे या सर्वांचे संदेश रेडिओलहरींवरूनच जातात. त्यांत कोणी लुडबूड केली तर लोकांचे प्राण धोक्यात येतील. म्हणून प्रत्येक हौशी चालकाला परीक्षा द्यावी लागते आणि सरकारकडून परवाना घ्यावा लागतो. आपल्या देशातही केंद्र सरकार असा परवाना देते. परवान्याबरोबर प्रत्येकाला एक सांकेतिक नाव मिळते. त्यातील पहिल्या अक्षरांवरून देश कळतो. भारतातील अनेक चालकांची नावे 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. स्कॉटलंडमध्ये 'जीएम', तर वेल्समध्ये 'जीडब्ल्यू' ही अक्षरे आढळतात.

२ मार्च २००२ रोजी ब्रिटनमधील हौशी चालकांनी एक नवा उपक्रम सुरू केला. त्याचे नाव 'समिट्स ऑन द एअर'. 'शिखरांवरून रेडिओ' असा त्याचा अर्थ सांगता येईल. सुरुवात इंग्लंड आणि वेल्समध्ये झाली. पुढे हा उपक्रम जगातील अनेक देशांत पसरला.

या खेळात दोन प्रकारचे खेळाडू असतात. एक खेळाडू पाठीवर रेडिओ घेऊन डोंगर चढतो आणि शिखरावरून साद घालतो. दुसरा खेळाडू आपल्या घरी किंवा दुसरीकडे कोठेतरी बसून ती साद शोधतो आणि उत्तर देतो. पहिल्याला आपण 'चढणारा' म्हणू आणि दुसऱ्याला 'शोधणारा' म्हणू. दोघांनाही गुण मिळतात. बेन नेव्हिस हे स्कॉटलंडमधील शिखर १,३४५ मीटर उंच आहे. ते चढून संपर्क साधला की दहा गुण मिळतात. लंडनच्या दक्षिणेकडील लीथ हिल ही टेकडी २९४ मीटर उंच आहे. तिच्यासाठी एक गुण मिळतो. चढणाऱ्याचे एक हजार गुण झाले की त्याला 'पहाडी बोकड' असा किताब मिळतो. शोधणाऱ्याचे हजार गुण झाले की त्याला 'खोलीतला स्लॉथ' म्हणतात. स्लॉथ हा झाडाला लटकून राहणारा, अतिशय मंद हालचाली करणारा प्राणी आहे. घरात बसून गुण मिळवणाऱ्याची केलेली ही गोड थट्टा आहे.

तुम्ही विचाराल, रेडिओसाठी डोंगर कशाला चढायचा? हाती धरण्याच्या छोट्या रेडिओच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरानंतर जमीन आडवी येते. सभोवार सपाट जमीन असेल तर ९ मीटर उंचीच्या गच्चीवरून क्षितिज सुमारे ११ किलोमीटरवर दिसते. ४०० मीटर उंचीच्या टेकडीवरून तेच क्षितिज सुमारे ७१ किलोमीटरवर जाते. म्हणून अवघ्या पाच वॅट शक्तीचा रेडिओ डोंगरावर गेला की मोठे काम करतो. दुसऱ्या प्रकारच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परत जमिनीकडे वळतात आणि हजारो किलोमीटर दूर पोहोचतात. त्यांच्यासाठी लांब तार लागते. चढणारे लोक गळाच्या काठीसारखी, एकात एक सरकणारी काठी उभी करतात आणि तिच्यावरून सुमारे २० मीटर लांबीची तार ताणतात.

आता या खेळाचे नियम पाहू या. प्रत्येक नियम वाचताना 'हा नियम कशासाठी?' असा प्रश्न मनात धरा.

पहिला नियम शिखराविषयी आहे. कोणत्याही उंचवट्याला येथे शिखर म्हणत नाहीत. एखाद्या शिखरावरून त्याहून उंच शिखराकडे जायचे असेल, तर मध्ये कमीत कमी किती खाली उतरावे लागते, हे मोजतात. हा उतार निदान १५० मीटर असला पाहिजे. असे का? समजा, एका लांब डोंगराच्या रांगेवर दहा लहान उंचवटे आहेत. हा नियम नसता तर एखादा माणूस तासाभरात त्या दहांवर फिरून आला असता आणि दहा शिखरे केल्याचे सांगत सुटला असता. हा नियम कडक खरा, पण त्यात एक उदारपणाही आहे. समुद्रसपाटीपासून शिखर किती उंच असावे, याची अट त्यात नाही. म्हणून बेन नेव्हिसबरोबर लीथ हिललाही यादीत जागा मिळाली. अ‍ॅलन डॉसन यांनी १९९२ साली ब्रिटनमधील अशा डोंगरांची यादी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती. तिच्यात सुमारे दीड हजार डोंगर होते. उपक्रमाला ही यादी आयतीच उपयोगी पडली. ज्या प्रदेशांत असे डोंगर फारच थोडे आहेत, तेथे १५० ऐवजी १०० मीटरची मुभा दिली जाते. म्हणजे नियम तोच राहिला, पण जमीन पाहून त्याचे माप बदलले.

दुसरा नियम जागेचा. रेडिओ अगदी टोकावरच लावला पाहिजे असे नाही. शिखरापासून उभ्या उंचीने २५ मीटर खालपर्यंतचा भाग चालतो. शिखरावर सोसाट्याचा वारा असतो. सहलीला आलेल्या लोकांची गर्दी असते. अशा वेळी थोडे खाली, खडकाच्या आडोशाला बसता यावे आणि इतरांनाही आपला त्रास होऊ नये, म्हणून ही सोय आहे. पण २५ मीटर म्हणजे २५ मीटर. अर्ध्या डोंगरावर बसून 'मी शिखरावर आहे' असे म्हणता येत नाही.

तिसरा नियम पायांचा. शेवटची चढण मोटारीने करायची नाही. ती आपल्या बळावर करायची. रेडिओही मोटारीतून किंवा मोटारीजवळून चालवायचा नाही. यावर एक मजेदार प्रश्न निघतो. वेल्समधील स्नोडन हे शिखर १,०८५ मीटर उंच आहे. १८९६ सालापासून तेथे जवळजवळ माथ्यापर्यंत जाणारी डोंगरी आगगाडी आहे. गाडीतून उतरावे आणि तेथेच रेडिओ लावावा, हे चालेल का? नाही. माथ्याच्या त्या २५ मीटरच्या पट्ट्यात बाहेरून आपल्या पायांनी यावे लागते. मात्र त्याआधीचा सगळा डोंगर पायीच चढला पाहिजे, असा हट्ट नियम धरत नाही. त्यामुळे ज्याचे गुडघे दुखतात असा वयस्कर माणूसही थोडे चालून खेळात भाग घेऊ शकतो. किती चालायचे, हे ज्याने त्याने आपल्या ताकदीप्रमाणे ठरवायचे.

चौथा नियम विजेचा. पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारे जनरेटर वर न्यायचे नाही. बॅटरी किंवा सूर्यप्रकाशावर चालणारी पट्टी चालते. डोंगरावरची शांतता आणि स्वच्छ हवा इतरांचीही आहे, हा यामागचा विचार आहे. शिवाय थोड्या विजेवर काम भागवण्याची सवय पुढे उपयोगी पडते. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये भूजच्या परिसरात मोठा भूकंप झाला. वीज गेली, टेलिफोन बंद पडले. त्या वेळी हौशी रेडिओचालकांनी संदेश पोहोचवण्याच्या कामी मदत केली. बॅटरीवर रेडिओ लावून बोलणे ज्याच्या हाताला सवयीचे आहे, तो अशा प्रसंगी गोंधळत नाही.

पाचवा नियम संपर्कांचा. गुण मिळवायचे असतील तर निदान चार निरनिराळ्या चालकांशी बोलणे झाले पाहिजे. एकमेकांची सांकेतिक नावे आणि आवाज कसा ऐकू येतो ही माहिती दोन्ही बाजूंनी दिली-घेतली गेली पाहिजे. त्याच माथ्यावर शेजारी बसलेल्या मित्राशी बोललेले धरत नाहीत. काही डोंगरांवर आलेला क्षीण संदेश घेऊन तो पुन्हा जोराने सोडणारी यंत्रे बसवलेली असतात. त्यांना रिपीटर म्हणतात. त्यांच्या मदतीने साधलेला संपर्कही धरत नाहीत. आवाज तुमच्या रेडिओनेच पलीकडे पोहोचवला पाहिजे.

आता अशी कल्पना करा. तुम्ही इंग्लंडमधील रेकिन नावाच्या ४०७ मीटर उंचीच्या डोंगरावर आहात. दोन तास खपून तुम्ही वर आला आहात. तार लावली, साद घातली. पहिले उत्तर आले, दुसरे आले, तिसरेही आले. चौथे काही येईना. तुम्ही पुन्हा पुन्हा साद घालता. तेवढ्यात पश्चिमेकडून काळे ढग येतात आणि दूरवर वीज कडाडते. तुमच्या डोक्यावर उंच काठी आहे आणि काठीवर तार आहे. आता काय कराल?

चौथ्या उत्तरासाठी थांबणे म्हणजे जिवाशी खेळणे. शहाणा माणूस ताबडतोब काठी खाली घेईल आणि उतरू लागेल. या ठिकाणी नियम किती समजूतदार आहे ते पाहा. चार संपर्क झाले नाहीत म्हणून तुम्हाला गुण मिळणार नाहीत. पण एक जरी संपर्क झाला तरी 'या शिखरावरून रेडिओ चालवला' अशी तुमच्या नावे नोंद होते. ज्या तिघांनी तुम्हाला उत्तर दिले, त्यांना त्यांचे गुण पुरेपूर मिळतात. तुमचे श्रम कोणाच्या तरी उपयोगी पडलेच. डोंगरही कोठे जात नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ शकता.

अशा वेळी मनात आणखी एक विचार येण्याचा संभव असतो. 'वहीत चौथे नाव आपणच लिहून टाकले तर? कोण पाहायला येणार आहे?' खरोखरच कोणी पाहायला येत नाही. या उपक्रमात पंच नाहीत. प्रत्येक संपर्काचा पुरावा मागितला जात नाही. तुम्ही जी नोंद पाठवाल ती खरी मानली जाते. सगळा कारभार इमानावर चालतो. कोणी म्हणेल, 'एवढे कडक नियम करायचे आणि तपासणी मात्र करायची नाही, हे कसले शहाणपण?' पण विचार करा. प्रत्येकाने छायाचित्र पाठवावे, साक्षीदार आणावा, कागद भरावेत, असे ठरवले असते तर काय झाले असते? सुटीच्या दिवशी हौसेने डोंगर चढणारा माणूस कंटाळून गेला असता. चार खोटे बोलणारे सापडले असते, पण चारशे खरे बोलणारे घरी बसले असते. आणि येथे स्पर्धा मुख्यतः स्वतःशीच असते. जो खोटे नाव लिहितो, त्याला कागदावर गुण मिळतात, पण शिखरावर मिळणारा आनंद मिळत नाही. तो स्वतःलाच फसवतो.

आणखी एक नियम सांगण्यासारखा आहे. चढणाऱ्याला एका शिखरासाठी वर्षातून एकदाच गुण मिळतात. नाही तर घराजवळची एकच टेकडी रोज चढून कोणीही 'पहाडी बोकड' झाला असता. पण म्हणून पुन्हा त्या टेकडीवर जायला मनाई नाही. तुम्ही दुसऱ्यांदा गेलात तर तुम्हाला गुण नाहीत, पण घरी बसून तुम्हाला शोधणाऱ्यांना गुण मिळतात. स्वतःला काही मिळत नसताना केवळ दुसऱ्यांसाठी टेकडी चढणारे लोक या छंदात आहेत. नियमाने त्यांच्यासाठी जागा ठेवली आहे.

नियम कशाकशाला लावायचे नाहीत, हे ठरवणेही तितकेच महत्त्वाचे असते. तोंडाने बोला किंवा मोर्सच्या 'टिक-टॅक' भाषेत संदेश पाठवा, दोन्ही चालते. महागडे यंत्र असो की साधे, दोन्ही चालते. डोंगर चढणे शक्य नसेल तर घरी बसून शोधणारा व्हा. बोलण्याचा परवाना नसेल तर नुसते ऐकणाऱ्यांसाठीही वेगळा विभाग आहे. हजार गुण किती वर्षांत मिळवावेत, याला मुदत नाही.

मोर्सची गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे. पूर्वी दूरवर जाणाऱ्या लहरींवर बोलण्याचा परवाना हवा असेल तर मोर्सची परीक्षा द्यावीच लागे. पुष्कळ लोकांना ती जड जाई आणि ते दारातूनच परत फिरत. २००३ साली जागतिक परिषदेने ही सक्ती काढली आणि निर्णय प्रत्येक देशावर सोपवला. ब्रिटनने त्याच वर्षी ती अट रद्द केली. त्याआधी २००२ साली तेथे पहिल्या पायरीचा एक सोपा परवानाही सुरू झाला होता. त्यात यंत्राची शक्ती १० वॅटपर्यंतच ठेवायची होती. आता मोर्स मरून जाईल, अशी काहींना भीती वाटली. पण तसे झाले नाही. मोर्सचा संदेश अगदी थोड्या शक्तीवर दूर जातो, म्हणून डोंगरावर जाणारे कित्येक लोक तो आपणहून शिकतात. सक्ती गेली, पण विद्या राहिली. ती आता आवडीने शिकली जाते.

नियम बदलले की कोणी ना कोणी नाराज होतोच. डोंगरांची नव्याने मोजणी झाली तेव्हा काही टेकड्यांचा उतार १५० मीटरपेक्षा किंचित कमी भरला. त्या यादीतून काढाव्या लागल्या, तर काही नव्या टेकड्या यादीत आल्या. घराजवळची टेकडी गेली म्हणून कोणाला वाईट वाटले असेल. परंतु एका टेकडीला सूट दिली असती तर दुसऱ्या टेकडीवाल्याला काय उत्तर देणार? म्हणून माप सर्वांना सारखेच लावले. मात्र ज्यांनी पूर्वी त्या टेकडीवर गुण मिळवले होते, त्यांचे गुण काढून घेतले नाहीत. नियम पुढच्यासाठी बदलला. मागच्या श्रमांचा मान राखला.

मित्रांनो, तुम्हीही शाळेत विज्ञान मंडळ काढाल, वाचनालय चालवाल, खेळांचे सामने भरवाल. तेव्हा नियम तुम्हालाच करावे लागतील. त्या वेळी स्वतःला दोन प्रश्न विचारा. हा नियम काढला तर आपल्या कामाचा अर्थच नाहीसा होईल का? तसे असेल तर नियम घट्ट धरा. या नियमामुळे एखादा होतकरू सोबती विनाकारण बाहेर राहतो का? तसे असेल तर तो सैल करा किंवा काढून टाका. रेकिनच्या माथ्यावरचा माणूस २५ मीटरच्या आतच बसतो, चारच्या जागी तीन लिहितो आणि वीज चमकली की खाली उतरतो. त्याच्यावर पहारा ठेवणारे तेथे कोणी नसते. नियम त्याला पटलेला असतो, म्हणून तो पाळतो.

शब्दार्थ
साद – हाक.
लुडबूड – गरज नसताना मध्ये पडणे.
किताब – पदवी, मानाचे नाव.
मुभा – सूट, परवानगी.
क्षीण – कमजोर.
आडोसा – वारा-पाऊस लागू नये अशी आडबाजूची जागा.
सक्ती – जबरदस्ती, टाळता न येणारी अट.
होतकरू – पुढे येण्याची उमेद असलेला.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शिखरांवरून रेडिओ चालवण्याचा उपक्रम केव्हा सुरू झाला?
(आ) गुण मिळवण्यासाठी किती संपर्क आवश्यक असतात?
(इ) डोंगरावर कोणती वीज वापरता येत नाही?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) हौशी रेडिओचालकाला परवाना घ्यावा लागतो.
(आ) शिखरापासून २५ मीटर खालपर्यंत बसण्याची सोय ठेवली आहे.
(इ) चढणाऱ्याला एका शिखरासाठी वर्षातून एकदाच गुण मिळतात.

प्र. ३. 'सक्ती गेली, पण विद्या राहिली.' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा.
जिवाशी खेळणे, मान राखणे, दारातून परत फिरणे.

उपक्रम : तुमच्या आवडत्या खेळाचे पाच नियम लिहा. त्यांपैकी कोणता नियम काढता येणार नाही आणि कोणता सैल करता येईल, यावर वर्गात चर्चा करा.